‘तो’ आला की अंग पेटतं

५ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्सं,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवते. गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचे बंधू ठीक आहेत. चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचा त्यांचा उद्योग चालूच आहे.

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एक मोठं काम आलंय. एका प्रार्थनागृहासाठी धर्मग्रंथाची प्रत बांधायची आहे. ग्रंथ एवढा मोठा की उचलायला दोन माणसं लागतात. चामड्याच्या पुठ्ठ्यावर तापवलेल्या पितळी ठशांनी सोन्याच्या वर्खात अक्षरं उठवायची आहेत. मालकीणबाईंनी सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघून मान हलवली, तेव्हाच मी समजले की काम माझं. उभा जन्म मी हिशेबाच्या वह्यांवर आणि शाळांच्या बक्षिसांवर सोनं चढवलं, ते बहुधा या एका पुठ्ठ्यासाठी हात तयार व्हावा म्हणूनच.

पण हल्लीच नवा सुपरवायझर आलाय. माझ्या शेंडेफळाच्या वयाचा, केस चापूनचोपून बसवलेला, बोलताना समोरच्याकडे न बघणारा.

आणि वन्सं, एक गोष्ट आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून सांगण्यासारखी ती नाही, म्हणून लिहिते. तो रोज येतो. न सांगता येतो, दिवसातून कितीदा तरी येतो. हातात वर्ख असला की हमखास गाठतो. आधी छातीशी, मग गळ्याशी, मग पार कानाच्या पाळ्यांपर्यंत. तो आला की अंग नुसतं पेटतं. तोंड लालबुंद होतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. जातो तेव्हा मी घामानं निथळत असते आणि हातपाय गार पडलेले असतात. वर्खाच्या खोलीत पंखा नाही, खिडकीही बंद, कारण कोणी साधा सुस्कारा टाकला तरी वर्ख उडतो. मग पळायचं कुठं? माझ्याच वयाच्या बायकांना तो धरतो म्हणे. नाव घ्यायचीसुद्धा लाज वाटते.

परवा त्याच्यापायी वर्खाचं एक पान वाया गेलं. मला त्या खोलीतून उठवलं आणि मागच्या अंगणात चामडं खरवडायला बसवलं. पुढच्या महिन्यात अक्षरांचं काम सुरू होईल. तोवर त्याचा बंदोबस्त झाला नाही, तर ते काम माझ्या हातचं गेलं. मला सूड हवाय, वन्सं. ज्यानं मला उठवलं, त्याच्या नाकासमोर ती अक्षरं मी उठवीन तेव्हाच माझा जीव थंड होईल.

तुम्ही एवढं वाचलेलं. काही साधा, घरच्या घरी करता येईल असा उपाय सांगा. तुमच्या बंधूंच्या कानावर घालू नका.

तुमची भावजय,
सोनबोटी (तुम्हीच ठेवलेलं नाव. अजून बोटांना वर्ख चिकटलेला आहे.)


११ फेब्रुवारी

प्रिय सोनबोटीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल सकाळच्या पाठानंतर उघडले, आणि जपमाळ बोटांतच थांबून राहिली.

मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवले. सर्वनाम आंधळे असते; आपल्या आधी जे नाम उभे असेल, त्याचा हात धरून ते चालते, हे मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहीत असे. तू लज्जेने नाव लिहिले नाहीस, तरी तुझा ‘तो’ कोणाचा हात धरून चालला आहे, हे मला तत्क्षणी दिसले. त्याच्या लगेच आधीचे पुल्लिंगी नाम एकच आहे: तुमचा नवा पर्यवेक्षक. ज्याला तू आदरार्थी बहुवचनही दिले नाहीस, तो तुझ्या मनातून किती उतरला असेल, तेही कळले.

छाती, गळा, कानाच्या पाळ्या! तू संकोचाने रूपके योजलीस. मी ती एकेक करून सोडवली. आईच्या वयाच्या स्त्रीला हातातले काम सोडता येत नाही, अशी वेळ साधून गाठणारा हा नराधम! आणि खोलीतले बाकीचे नुसते पाहत राहतात!

धर्मग्रंथांत क्षमेची पाने पुष्कळ आहेत. ती मी वाचली आहेत, इतरांना वाचून दाखवली आहेत. परंतु त्याच ग्रंथांत दंडाचीही पाने आहेत, आणि ती कोणी फाडून टाकलेली नाहीत. आज मी ती उघडून बसले आहे. सायंप्रार्थनेत मी रोज सर्वांचे कल्याण मागते; काल त्याच्यापुरता एक अपवाद केला. ईश्वराला अपवाद समजतात.

तू साधा, घरच्या घरी करण्याजोगा उपाय विचारलास. माझ्या घरात तसा एकच आहे, आणि तो म्हणजे शाई. तुझ्या मालकीणबाईंना मी आजच तीन पाने लिहिली आहेत. विशेषणे जपून वापरली, क्रियापद मात्र एकही गाळले नाही. त्या पत्राने त्याची खुर्ची हलली नाही, तर माझे शिक्षण व्यर्थ.

तू ताठ मानेने कामावर जा. माझ्या बंधूला सांगत नाही. तो मारामारी करायला जाईल आणि चष्मा विसरून जाईल.

तुझी,
वन्सं


१२ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्सं,

तुमचं उत्तर यायच्या आधीच हे दुसरं पत्र घालतेय. राहवत नाही, काय करू.

काल सकाळी चहा पिताना तो तुमच्या बंधूंच्या देखतच आला. लपवायला सोय नव्हती. मी वर्तमानपत्र उचललं आणि वारा घेत सुटले. मला वाटलं, आता हे काय म्हणतील! तर हे शांतपणे बिस्किट बुडवत म्हणाले, “आला वाटतं? येऊ दे. बस जरा वेळ, जातो आपला आपण. आमच्या आईकडेही यायचा. ऐन थंडीत ती दार सताड उघडून उभी राहायची.”

वन्सं, सासूबाईंकडेही यायचा हे मला ठाऊकच नव्हतं! तुम्हाला आठवतं का काही? किती वर्षं यायचा?

हे म्हणाले, “चहा गार करून पी म्हणजे कमी येईल.” मी म्हटलं, “तुम्हाला हो काय ठाऊक?” तर म्हणाले, “आई तसाच प्यायची. बाबा मात्र तिला चिडवायचे, मग ती त्यांचाही चहा गार करून ठेवायची.” एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला वाटलं की या माणसाला काहीतरी कळतं.

कारखान्यातलं मात्र तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मला वर्खावरून उठवलं ते सुपरवायझरनं. वर्ख उचलायचा तो चपट्या कुंचल्यानं. कुंचला आधी आपल्या गालावरून फिरवायचा, गालाचा पुसटसा तेलकटपणा केसांना लागतो आणि तेवढ्यानं वर्ख अलगद चिकटून येतो. त्या दिवशी गाल घामानं ओला झालेला. कुंचला ओला, वर्ख चोळामोळा. सुपरवायझर मागे उभा होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बाई, पितळी ठसे तापवायला शेगडी कशाला जाळायची? तुमच्या गालावरच धरतो की.” हसले सगळे. ज्यांना मी कुंचला धरायला शिकवलं, तेही.

आता माझ्या बाकावर सुपरवायझर स्वतः बसून हात बसवतोय. त्या ग्रंथावरची अक्षरं त्याला स्वतःलाच उठवायची आहेत. चामडं खरवडताना मी त्याचंच तोंड डोळ्यांपुढे आणते. काम लवकर उरकतं.

तुमची,
सोनबोटी


१९ फेब्रुवारी

प्रिय सोनबोटीस,

तुझे दुसरे पत्र हाती आले. ‘आमच्या आईकडेही यायचा’ या वाक्याशी मी अडखळले. प्रथम असे मनात आले, की पहिल्या गाडीने यावे आणि माझ्या धाकट्या बंधूचा कान पिरगाळावा. मग आई दिसली. कडाक्याच्या थंडीत दार उघडून उभी, गळ्याशी ओला रुमाल, चेहरा लाल, आणि आम्हा मुलांना ती म्हणत होती, “काही नाही रे, झटका आहे.”

झटका. पुल्लिंगी, एकवचनी.

शिवाय तुझ्या या पत्रात ‘तो’ सकाळी तुझ्या घरी चहाला येतो, आणि पर्यवेक्षक कारखान्यात आहे. दोघे एक असणे शक्य नाही. माझे स्वतःचे पाळी जाण्याचे दिवस आले आणि गेले. मला या झटक्याची चाहूलही लागली नाही, म्हणून ओळख पटली नाही. मात्र एक सांगते. चूक अर्थ लावणाऱ्याची नव्हती. ज्या नामाला तू पत्रात उभेच केले नाहीस, त्याचा हात सर्वनामाने धरावा तरी कसा?

मालकीणबाईंना घातलेले पत्र परत बोलावता येत नाही. ते पोहोचले असेल. मी त्या माणसावर एक भयंकर आरोप केला आहे, आणि तो खोटा आहे. तुला विचारतील, तेव्हा तू खरे सांग. त्याच्यावरील दयेपोटी हे सांगते आहे, असे समजू नकोस. स्त्रीच्या तापलेल्या गालावर ठसा धरण्याची भाषा करणाऱ्यावर मला तिळमात्र दया येत नाही. परंतु सूड असत्यावर उभा केला, तर कोसळताना तो आपल्याच अंगावर पडतो आणि शत्रू धूळ झटकून निघून जातो. मला त्याची फजिती हवी आहे, आणि ती खरी हवी आहे.

आता तू विचारलेला उपाय. काल मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसले. त्यांना वाटले, मलाच काही होते आहे. माझे वय पाहून त्या गोंधळल्या. त्या म्हणाल्या, आधी ओळखून ठेवायचे, की कशाने तो लवकर येतो. कोणाला कढत चहाकॉफीने, कोणाला तिखटाने, कोणाला मद्याने, कोणाला संतापाने. (शेवटचे तुझे कारण असावे. ते तूर्त सोडू नकोस, फक्त आवरून धर.) सुती, सैल कपडे एकावर एक घालायचे, म्हणजे वरचा काढता येतो. गार पाणी जवळ ठेवायचे आणि घोट घोट प्यायचे. मनगटांवर आणि मानेवर ओला रुमाल. रोज चालणे, आणि निजायची खोली गार. आणि तो येतो आहे असे वाटताच श्वास अगदी संथ करायचा: पोट भरेल इतका आत, त्याहून सावकाश बाहेर. हे ऐकून मी म्हटले, जप करताना आम्ही दुसरे काय करतो? त्या हसल्या. म्हणाल्या, याने तो पळून जात नाही, पण पुष्कळजणींना सोसवतो.

झाडपाल्याच्या पुड्या मात्र कोणी कितीही वाखाणल्या, तरी विचारल्यावाचून घेऊ नकोस. आणि इतके करूनही काम करणे अशक्य झाले, तर सरळ डॉक्टरांकडे जा. त्यात लाज नाही, औषधे आहेत.

पुढे काय घडले, ते ताबडतोब कळव.

वन्सं


२२ फेब्रुवारी

तीर्थरूप वन्सं,

तुमची दोन्ही पत्रं पोहोचली, पण दुसरं येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

मालकीणबाईंनी मला आणि सुपरवायझरला वर्खाच्या खोलीतच बोलावलं. दार उघडंच, बाहेर सगळे कान टवकारून. मालकीणबाईंच्या हातात तुमची तीन पानं. त्यांनी ती शांतपणे वाचून दाखवली. एकेका वाक्याला सुपरवायझर खुर्चीत खाली खाली जात होता.

“बाई, खरं आहे हे?” त्यांनी मला विचारलं. “हा तुमच्या अंगाशी येतो?”

“मी? यांच्या?” तो ताडकन उठला. “अहो, मी यांच्या जवळसुद्धा फिरकत नाही! विचारा कोणालाही! शपथेवर सांगतो!”

“मी बाईंना विचारलं,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्ही बसा.”

वन्सं, तुमचं पहिलं पत्र मला आदल्याच दिवशी मिळालं होतं. घोटाळा काय झालाय ते मला ठाऊक होतं. एका वाक्यात तो सुटला असता. पण मी त्याच्याकडे बघितलं. कान लालबुंद. कपाळावर थेंब, मानेवरून घाम कॉलरच्या आत चाललेला. हात कुठे ठेवावेत ते कळेना. खिडकी बंद, पंखा नाही, आणि दारात सगळे त्याच्याकडेच बघत होते. मी बाकावरचं पाणी घेतलं. सावकाश प्यायले. एक घोट, मग दुसरा. खोटं बोलले नाही. फक्त खरं बोलायला जरा उशीर लावला. तुम्हाला काय सांगू, इतक्या दिवसांत अंगाला एवढा गारवा वाटला नव्हता.

ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, “साहेब, गालावरून जरा कुंचला फिरवून बघता का? बघू तरी, वर्ख उचलतो का.”

बाहेर कोणीतरी खुसकन हसलं.

मग मात्र मी सांगितलं. “मालकीणबाई, आमच्या वन्संच्या वाचण्यात चूक झाली. तो म्हणजे हे नव्हेत. तो म्हणजे झटका. पाळी जायच्या वयात अंगातून गरम वाफा येतात ना, ते. याच खोलीत मला येतात. यांनी मला हात लावलेला नाही. यांनी मला त्यावरून हसून बाकावरून उठवलं, एवढंच.”

इतकं स्पष्ट मी कधी तुमच्या बंधूंशीही बोलले नव्हते. जीभ जड होईल असं वाटलं होतं, पण नाही झाली.

मालकीणबाईंनी चष्मा काढला आणि खो खो हसत सुटल्या. “एवढ्यासाठी मी तीन पानं वाचली? अगं बाई, माझ्याकडे तर तो सहा वर्षं मुक्कामाला होता! बँकेच्या साहेबासमोर बसले की हजर!” मग डोळे पुसत सुपरवायझरकडे वळल्या आणि हसू एकदम गेलं. “पान वाया गेलं म्हणून बाईंना काढलं, असं मला सांगितलं होतंत. हसलात ते नव्हतं सांगितलं.”

एव्हाना त्याच्या जिवात जीव आला होता. कॉलर ताठ करून म्हणाला, “ते थट्टेत होतं. पण माझी चारचौघांत बदनामी झाली, त्याचं काय? त्या म्हाताऱ्या बाईंनी लेखी माफी मागितली पाहिजे. आणि ती मी स्वतः वाचणार, अख्ख्या कारखान्यासमोर. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.”

“रास्त आहे,” मालकीणबाई म्हणाल्या. “चूक झाली तर माफी आलीच पाहिजे. पण तुमचंच म्हणणं आहे, तेव्हा मध्ये थांबायचं नाही, एक शब्द गाळायचा नाही. मी समोर बसेन. त्या ग्रंथावरची अक्षरं कोणी उठवायची, ते मी त्यानंतरच सांगेन.”

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या, वन्सं. का, ते तुम्हाला कळेल.

म्हणजे आता सगळं तुमच्या हातात आहे. आज तो बाक त्याच्याकडे आहे आणि मी अजून चामडं खरवडतेय. तुमच्या डॉक्टरीणबाईंचं सगळं करून बघतेय. मनगटाला ओला रुमाल बांधते, चहा कोमट पिते, आणि तो यायला लागला की तुम्ही सांगितलात तसा श्वास. काल आला, पण तोंडापर्यंत न चढता गेला. हात थरथरला नाही. मी काम करू शकते, वन्सं. माझं मला कळतं. फक्त त्याला तिथून उठलेला बघायचाय.

माफी मागा. हात आखडता घेऊ नका.

तुमची,
सोनबोटी


१ मार्च

श्रीयुत पर्यवेक्षक यांस,

हे पत्र आपण सर्वांसमोर स्वतः वाचणार आहात, असे कळले. म्हणून अक्षर मोठे काढले आहे. शब्द तोंडात अडखळू नयेत, यासाठी ते शक्य तितके सोपे ठेवले आहेत.

प्रथम माझा अपराध. आपण माझ्या भावजयीच्या अंगाशी येता, असे मी आपल्या मालकीणबाईंना लिहिले. ते असत्य होते. आपण त्या बाबतीत संपूर्ण निर्दोष आहात. मी ईश्वराला स्मरून आपली क्षमा मागते. हा परिच्छेद हवा तर पुन्हा एकदा वाचावा. यापुढे या पत्रात आपल्याविषयी चांगले वाक्य आलेले नाही.

आपण तिला हात लावला नाहीत. तिच्या हातातला कुंचला तेवढा काढून घेतलात. ज्या बाकावर बसून तिने इथल्या प्रत्येकाला वर्ख उचलायला शिकवले, त्या बाकावर आपण तो उचलायला शिकत आहात. आणि आपण म्हणालात (हे मागच्या ओळीपर्यंत ऐकू जावे, तेव्हाही गेले होते): “पितळी ठसे तापवायला शेगडी कशाला जाळायची? तुमच्या गालावरच धरतो की.” यात माझा एकही शब्द नाही. आता पुन्हा उच्चारताना ते वाक्य आपल्याला तितकेच विनोदी वाटले का, ते ऐकणाऱ्यांना आपल्या आवाजावरून समजले असेलच.

ज्याला मी चुकून आपले नाव दिले, त्याचीही ओळख करून देणे माझे कर्तव्य आहे. तो स्त्रीच्या देहात वयाच्या एका वळणावर येतो. तो रोग नाही, दोष नाही, आणि कामातला हलगर्जीपणा तर नाहीच नाही. तो थोडाच वेळ राहतो आणि जातो. तो आल्यावर काय करावे, हे आता जमलेल्या सर्व स्त्रियांनी आपल्या मुखातून ऐकावे, अशी माझी इच्छा आहे. ज्या तोंडून हसणे निघाले, त्याच तोंडून उपाय निघाला, तर तो अधिक लक्षात राहील.

बायांनो, सैल, सुती कपडे घाला, आणि वर असा एखादा घाला, की तो सर्वांसमोर काढताना संकोच वाटू नये. पाणी बाकाजवळ ठेवा. चहा निवू द्या, तिखट कमी करा, पायी घरी जा. तो येतो आहे असे वाटले, की हातातला वर्ख खाली ठेवा आणि श्वास इतका संथ सोडा, की समोरचे पान हलणार नाही. हे आपल्या कलेत तुम्हाला आधीच येते. खिडकी वर्ख उघडण्यापूर्वी उघडा, खोली गार होऊ द्या, मग लावून घ्या. गाल ओला असेल, तर कुंचला कोपरापुढच्या कोरड्या हातावरून फिरवून पाहा. आणि दोन मिनिटे बाहेर जाऊन उभे राहावेसे वाटले, तर जा. वर्ख वाट पाहतो. घाई फक्त अडाण्यांना असते. इतके करूनही सोसवेनासे झाले, तर डॉक्टरांना विचारा.

श्रीयुत पर्यवेक्षक, आपण थांबला असाल तर पाणी प्यावे. मालकीणबाई समोर बसलेल्या आहेत. पुढे वाचावे.

माझ्यासारख्या म्हाताऱ्या बाईने आपल्याला शाप दिला असेल, अशी आपल्याला भीती वाटेल. तसे नाही. मी रोज प्रार्थना करते, की ईश्वराने आपल्याला भरपूर आयुष्य द्यावे. आपल्या पत्नीला, आपल्या मुलींनाही द्यावे. आणि त्या सर्वांवर आपले फार प्रेम असावे. म्हणजे पुढे केव्हातरी ऐन थंडीत आपल्याच घरचे दार कोणीतरी लाल चेहऱ्याने उघडेल. तेव्हा आपण काय बोलावे, हे आपल्याला सुचणार नाही. आणि हे पत्र, आज जसे मोठ्याने वाचता आहात तसेच, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आपल्या कानांत घुमेल. ही प्रार्थना मी मरेपर्यंत सोडणार नाही. माझ्यामागे ती चालवण्यासाठी माझी भावजय आहे.

आता आपल्या वाट्याची दोन वाक्ये. ती आपण मान वर करून वाचावीत, कारण ती ऐकण्यासाठीच सगळे थांबले आहेत.

या धर्मग्रंथावर सोन्याची अक्षरे उठवण्याची माझी योग्यता नाही. ते काम बाईंचे आहे, आणि मी हा बाक आत्ता, या क्षणी, त्यांच्यासाठी रिकामा करतो.

हे आपण स्वतःच्या तोंडाने, सर्वांच्या देखत, एकही शब्द न गाळता म्हटले आहे. माझी क्षमायाचना पूर्ण झाली.